आधी माती मोजा, मग कोळसा टाका : सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
(प्रत : जिल्ह्यातील साखर कारखान्यांची संचालक मंडळे आणि द्राक्ष बागायतदार बांधव)

स. न. वि. वि.

तासगाव तालुक्यात माझी माती-पाणी तपासणीची लहानशी प्रयोगशाळा आहे. द्राक्ष, ऊस, हळद, भाजीपाला, जिल्ह्यात जे पिकतं त्याची माती आमच्या टेबलावरून जाते. अलीकडे मातीच्या पिशवीबरोबर शेतकरी एक रंगीत पत्रकही पुढे करतात. पिकांच्या अवशेषांपासून बनवलेला ‘सक्रिय कोळसा’ रानात मिसळा, शिसं, कॅडमियम, तांबं असले जड धातू निघून जातील, जमीन स्वच्छ होईल, वर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कार्बन मातीत साठवल्याबद्दलचे, पैसेही मिळतील, असा त्यातला मजकूर. आणि विचारणा एकच : “अनुदान येणार हाय म्हणत्यात. टाकू का?”

एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा आपल्याला जाहीर लिहावं असं वाटलं. उद्या जिल्हा नियोजनाच्या निधीतून, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या ऊस विकास विभागातून अशी योजना खरंच आली, तर तिच्या अटी ठरवताना आपला शब्द लागणार. माझं म्हणणं थोडक्यात असं : कोळसा जरूर वापरा, पण रानोमाळ पसरू नका. धातू कुठे आणि किती आहेत ते आधी मोजा, आणि जिथे ते दाटून साठलेत तेवढ्याच जागेत कोळसा घाला.

कोळशामागचं शास्त्र खोटं नाही, हे आधी सांगतो. पाचट, भाताचं तूस, काड्या असं काहीही हवा कोंडून साडेतीनशे ते सातशे अंश सेल्सिअसला भाजलं की कोळसा होतो. त्यालाच हल्ली बायोचार म्हणतात. तो पुढे आठशे-नऊशे अंशांना वाफेत तापवला, किंवा कच्चा माल फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनात भिजवून भाजला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात. हा झाला सक्रिय कोळसा. चांगल्या मालाच्या एका ग्रॅमला आतबाहेर मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत दहा गुंठे रान.

पण धातूचं काम नुसत्या क्षेत्रफळावर भागत नाही. शिसं, तांबं, कॅडमियम, जस्त हे जमिनीतल्या पाण्यात धनभारित आयन म्हणून फिरतात. त्यांना धरायला कोळशाच्या अंगावर ऑक्सिजन असलेले ऋणभारित गट लागतात, आणि कोळशातल्या राखेचे कार्बोनेट-फॉस्फेट लागतात. त्यांच्याशी जोडला गेला की धातू न विरघळणाऱ्या रूपात बसून राहतो. शिशाचं फॉस्फेट तर पाण्याला जवळजवळ दादच देत नाही. आता गंमत अशी, की नऊशे अंशांच्या वाफेत छिद्रं वाढतात, पण हे ऑक्सिजनचे गट बरेचसे उडून जातात. त्यामुळे कीटकनाशकं, रंग, वास असले सेंद्रिय पदार्थ पकडायला सक्रिय कोळसा सरस, पण मातीतल्या धातूंसाठी मध्यम आचेवर भाजलेला, राखेसकटचा साधा कोळसा कित्येकदा त्याच्या तोडीचं काम करतो, कधी त्याहून चांगलंही. साधा कोळसा शेताच्या कडेला होतो. सक्रिय कोळशाला कारखाना लागतो, आणि तो बाजारात किलोच्या भावाने विकला जातो, टनाच्या नाही. अनुदानाचा आकडा लिहिताना एवढा फरक ध्यानात असावा.

टनाचा हिशोबही इथेच मांडतो. एक एकर रानाचा वरचा सहा इंचाचा थर साधारण साडेआठशे टन भरतो. प्रयोगांत बहुधा वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कोळसा मिसळलेला असतो. एक टक्का म्हटलं तरी एकरी साडेआठ टन. कोळशाचा उतारा तीस टक्के धरला तर त्यासाठी अठ्ठावीस टन वाळकं पाचट हवं. उसाच्या एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. थोडक्यात, एक एकर ‘स्वच्छ’ करायला सात ते नऊ एकरांचं पाचट. पत्रकवाले हा गुणाकार छापत नाहीत.

त्याहून मोठी थाप म्हणजे धातू निघून जातात ही. धातू कुजत नाही, जळून संपत नाही. कोळसा टाकण्याआधी मातीत किलोला शंभर मिलिग्रॅम शिसं असेल तर नंतरही जवळपास तेवढंच असतं. कमी होतो तो पाण्यात सुटून मुळापर्यंत पोचणारा वाटा. प्रयोगशाळेत याच्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत : तीव्र आम्लात माती शिजवून एकूण धातू मोजायचा, किंवा डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणात हलवून पिकाला मिळण्याजोगा भाग मोजायचा. कोळशाने दुसरा आकडा उतरतो, पहिला जागचा हलत नाही. उद्या कुणी ठेकेदार कोळसा मिसळल्यावर पंधरा दिवसांत काढलेला दुसरा आकडा आपल्यासमोर ठेवेल आणि बिल मागेल. तेव्हा दोन्ही आकडे हवेत, त्याच रानातल्या पिकाच्या पानाची आणि फळाची तपासणी हवी, आणि मध्ये किमान एक पावसाळा गेलेला हवा, अशी अट कागदावर आधीच असू द्या.

धातू खरोखर बाहेर काढायचा तर माती उचलावी लागते. जपानात जिंत्सू नदीकाठी वरच्या खाणीचं कॅडमियम भातखाचरांत उतरलं, माणसांची हाडं ठिसूळ झाली, आणि १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला. तिथली माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं ते २०१२ मध्ये संपलं. आपल्याला हा खर्च झेपणारा नाही, म्हणूनच धातूला जागच्या जागी बांधणाऱ्या कोळशासारख्या उपायाला किंमत आहे. मात्र बांधलेला धातू बांधलेलाच आहे ना, हे दर दोन-तीन वर्षांनी बघावं लागतं. ती तपासणी योजनेच्या खर्चात धरलेली नसेल तर अशा योजनेवर सही करू नये, एवढी विनंती.

आता आपल्या मातीकडे वळतो, कारण खरी मेख इथे आहे.

कोळशाचे जे निकाल डोळ्यांत भरतात ते बहुतेक आम्लधर्मी मातीतले आहेत. कोळसा स्वतः अल्कधर्मी, त्याने आंबट मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि धातूंचं विरघळणं आपोआप घटतं. कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा सामू मुळातच आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, चिकण तर विचारूच नका. ही माती तांबं, शिसं, कॅडमियम स्वतःच बरंच धरून ठेवते. तिथे कोळशाने होणारा जादा फायदा थोडा, आणि सामू आणखी चढला तर लोह-जस्त अडकून उसाची-द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडायची भीती जास्त. मिरज, वाळवा, पलूसच्या क्षारपड पट्ट्यात तर पाचटाचा न धुतलेला कोळसा म्हणजे पालाश आणि क्षारांची आणखी भर. ज्या रानात निचऱ्यासाठी शेतकरी जमिनीखाली पाइप घालतोय, तिथे वरून हे ओतायला लावू नका. जत-आटपाडीकडच्या हलक्या मुरमाड जमिनीची गोष्ट वेगळी. ती धातू धरत नाही, पाणीही धरत नाही. तिथे कोळसा दोन्हीसाठी उपयोगी पडेल.

धातू कोणता यावरही सगळं अवलंबून आहे. आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियम ऋणभारित रूपात फिरतात, त्यांची तऱ्हा उलटी : सामू चढला की ते सुटे होतात. क्रोमियमला कोळसा निदान कमी घातक अशा तीन-संयुजी रूपात आणू तरी शकतो. आर्सेनिकच्या जागी साधा कोळसा टाकला तर दुखणं वाढण्याचीच शक्यता. म्हणजे एकाच शिक्क्याचं पोतं सगळ्या जिल्ह्यात वाटून चालणार नाही.

आणखी एक घोळ मी आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या तपासणीनंतर वर्तमानपत्रात भलतेच मथळे येतील. आपली काळी माती बेसाल्टची लेक आहे, आणि बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच बऱ्यापैकी असतं. परदेशातली मर्यादा जशीच्या तशी लावली तर कधीही औषध न बसलेलं माळरानही दूषित ठरेल. उलट, आकडा मोठा आला की “हे खडकातलंच आहे” म्हणून हात झटकणारेही निघतील. यावर उपाय साधा आहे. ज्या शिवारातली माती तपासायची, त्याच शिवारातल्या गायरानाची किंवा जुन्या, न कसलेल्या बांधाची, त्याच रंगापोताची माती शेजारी ठेवून तपासायची. दोन आकड्यांमधला फरक ती माणसाची करणी.

माणसाची करणी म्हणताना मी फक्त कारखान्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवत नाही. आपल्या जिल्ह्यात जड धातूची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत उघडी वाट आम्हा शेतकऱ्यांच्याच ब्लोअरमधून, म्हणजे फवारणी यंत्रातून जाते. बोर्डो, हे तांब्याचं बुरशीनाशक.

एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं. एकराला चारशे लिटर फवारलं की एक किलो तांबं बागेत पडलं. पावसात धुऊन, पानं गळून, आज ना उद्या ते मातीतच येतं. साडेआठशे टन मातीत एक किलो म्हणजे किलोमागे १.२ मिलिग्रॅमच्या आसपास. वर्षाला अशा चार फवारण्या धरल्या तर वीस वर्षांत नव्वद मिलिग्रॅमच्या पुढे. हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्येक बागेत कमी-जास्त होईल. कुणी अर्ध्या टक्क्याचं मारतो, कुणी कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरतो. पण दिशा तीच. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी डाउनी या द्राक्षाच्या रोगावर हे मिश्रण पुढे आणलं, आणि त्याच देशाच्या जुन्या द्राक्षमळ्यांत आज तांबं साठून राहिलंय. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली, सरासरी वर्षाला चार किलो. माझ्या वरच्या हिशोबातले एकरी चार किलो म्हणजे हेक्टरी दहा.

बागायतदार म्हणतील, बाग तर हिरवीगार आहे. आहेच. जुन्या वेलीची मुळं खोल असतात, तांबं वरच्या वितीभरात बसतं. त्रास दिसतो तो बाग मोडून त्याच रानात नवी काडी लावली, सोयाबीन किंवा भाजी केली, की कोवळ्या मुळाला. आणि त्याआधी गांडुळांना. तांब्याच्या मातीत गांडूळ टिकत नाही.

सरकारी कागदाला मात्र यातलं काही दिसत नाही. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा घटक असतात, तांबं त्यातलं एक. पण ते सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून. डीटीपीए तांबं किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर पत्रिका कमतरता दाखवते. त्याच्या कितीही पट वर असलं तरी ‘पुरेसे’. शिसं, कॅडमियम, निकेल यांना तर रकानाच नाही. पंचवीस वर्षांच्या बागेची पत्रिका हातात घेऊन शेतकरी समाधानाने घरी जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग कोळसा घालायचा कुठे? कोणत्याही जुन्या बागेत चला, मी जागा दाखवतो. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या बाजूला, लाइटच्या पेटीजवळ, औषध कालवायची जागा असते. दोनशे लिटरचा निळा बॅरल, त्याशेजारी सिमेंटचा ओबडधोबड कट्टा, कट्ट्यावर मोरचुदाचा हिरवट-निळा थर, नखाने खरवडला तर निघेल असा. खाली चुन्याची पांढरी वळं. ब्लोअर भरताना सांडतं इथेच, टाकी धुतली जाते इथेच, उरलेलं द्रावणही इथेच ओततात. त्या कट्ट्याच्या उताराला बहुधा गवत नसतं. वीस वर्षांच्या सांडलवंडीतलं तांबं इथे दोन-तीन गुंठ्यांत आटून बसतं, आणि विहीर चार पावलांवर. प्रत्येक बागेत धातूचा जीव या एका कोपऱ्यात आहे, आणि आमच्याकडे येणारा मातीचा नमुना कधीच या कोपऱ्यातला नसतो. नमुना घेताना ही जागा टाळा, असंच आम्ही शिकवत आलोय.

स्वीडनमध्ये १९९३ पासून अशा जागेखाली बायोबेड नावाचा खड्डा करतात. माती, पेंढा आणि सेंद्रिय भर यांच्या मिश्रणाचा खड्डा, त्यावर यंत्र भरायचं आणि धुवायचं. कीटकनाशकं त्यात जिवाणू तोडतात. तांबं तुटत नाही, म्हणून आपल्या खड्ड्यात कोळसा हवा. पाच बाय आठ फुटांचा, अडीच फूट खोल, तळाला शेततळ्याचा कागद, वरून पत्र्याचं छप्पर म्हणजे पावसाने भरून वाहणार नाही. मिश्रणाचा तिसरा हिस्सा कोळसा धरला तर दीड-दोनशे किलो पुरतो. तेवढा कोळसा पाच-सहाशे किलो पाचटातून, बॅरलच्या भट्टीत, घरचे दोघं मिळून करतील. एकरी साडेआठ टन कुठे, आणि बागेमागे दोनशे किलो कुठे! अनुदान द्यायचंच असेल तर ते या खड्ड्याला आणि या कट्ट्याला द्या.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. काही वर्षांनी खड्ड्यातला माल तांब्याने भरेल. तो उपसून पुन्हा वेलीच्या बोदावर टाकला तर सगळं मुसळ केरात. तो तालुक्याला एका ठिकाणी गोळा करून, तपासून, गरज पडली तर रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पापर्यंत पोचवायची सोय योजनेतच हवी. शेतकरी एकटा हे करणार नाही, करू शकणारही नाही.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. द्राक्षवेलीच्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर ढीग लागून पडलेल्या असतात, साहजिकच सगळ्यांची नजर तिकडे जाते. पण त्या काडीवर हंगामभर तांबंच बसलंय. भाजल्यावर काडीचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं, तांबं मात्र तेवढंच राहतं, म्हणजे कोळशात ते तिप्पट दाट. तांबं बांधायला तांब्याचाच कोळसा नेऊन टाकायचा, असा प्रकार. काड्यांचा कोळसा तपासल्याशिवाय मातीत जाऊ नये. ढिगात ठिबकच्या नळीचे तुकडे, प्लास्टिकची सुतळी, मांडवाच्या जस्ती तारेचे बारके तुकडे हमखास असतात, ते वेगळेच. ज्वारी-बाजरीच्या कडब्याला तर हातच लावू नका. जत-आटपाडीत चारा छावणीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना वैरण जाळणं सांगायला जाणार कोण?

राहिलं पाचट. इथे कारखान्यांच्या संचालक मंडळींना दोन शब्द. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, तुमच्या बॉयलरला लागतं, ते कचरा नाहीच, त्यावर कुणी डोळा ठेवू नये. पाचटाची पहिली जागा खोडव्याच्या सरीत, आच्छादन म्हणून. कृषी खातं हे सांगून दमलं. पण खोडवा-निडवा मोडताना जे पाचट पेटवूनच दिलं जातं, ते कोळशाला घ्या. तुमच्याकडे आचेवर नजर ठेवणारी बॉयलरची माणसं आहेत, केमिस्ट आहेत, प्रयोगशाळा आहे. गटवार एकेक भट्टी चालवली, तापमानाची नोंद ठेवली, धूर घुसमटू न देता भाजलं, तर माल भरवशाचा निघेल. अर्धवट, धुमसत भाजलेल्या कोळशात डांबरासारखे विषारी पदार्थ राहतात. जाता जाता, बॉयलरची राख प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) मिसळून खत म्हणून देत असाल तर तिचीही धातूंसाठी तपासणी करून घ्या. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये सेंद्रिय खतासाठी किलोमागे शिसं १००, कॅडमियम ५, निकेल ५०, तांबं ३०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. माती सुधारायला म्हणून जो कोळसा वाटला जाईल, त्याने निदान या मर्यादा पार करू नयेत.

आता आपल्या कार्यालयाकडे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. संशयित दूषित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी कळवण्याचं काम त्यात स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडे आहे, आणि पुढची प्राथमिक तपासणी नव्वद दिवसांत व्हायची आहे. म्हणजे पहिलं पाऊल आपल्याच हातात. माझ्या मते यादीचा विचार कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतून वाहणाऱ्या नाल्यांकाठच्या रानांपासून व्हावा. मग शेरीनाल्याचा परिसर आणि शहराच्या सांडपाण्यावर पिकणारी भाजी, कारण कॅडमियम उसापेक्षा पालक-मेथीत लवकर चढतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जाड गाळ बसलेली मळई. बॅटऱ्या फोडणाऱ्या भंगाराच्या जागा. ही ठिकाणं दूषित आहेत असा माझा आरोप नाही. मोजल्याशिवाय ती स्वच्छ आहेत असंही कुणी म्हणू नये.

नाल्यांच्या बाबतीत एक सांगायचंच. मातीत मिसळलेला कोळसा परत काढता येत नाही, पण पाण्याच्या वाटेवर गाळणीत बसवलेला कोळसा काढता येतो, बदलता येतो. कोळशाने धातू खऱ्या अर्थाने ‘निघतो’ तो फक्त तिथे. खरा सक्रिय कोळसा, महाग असला तरी, शोभतो तो कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी, आणि त्याचा खर्च पाणी सोडणाऱ्याने करायचा. खाली शेतकऱ्याच्या रानात अनुदानाचा कोळसा आणि वर नाला तसाच वाहता, असं होणार असेल तर त्या पैशांचे जिल्ह्यात रस्ते तरी करा.

एक अवघड गोष्ट उरते, ती भीतीची. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे, द्राक्षं युरोपात जातात. ‘जड धातू’ हे दोन शब्द गावाच्या नावाला चिकटले तर व्यापारी दर पाडायला टपलेलेच. माझ्याकडे येणारे काही बागायतदार तांब्याची तपासणी करून घेतात आणि रिपोर्टवर गट नंबर लिहू नका म्हणतात. मी त्यांना हसत नाही. मातीत तांबं आहे म्हणून मण्यात आहे असं नसतं, वेल ते मुळातच बरंचसं अडवते. हे व्यापाऱ्याला कोण समजावणार? म्हणून प्रत्येकाचा आकडा आधी त्याच्याच हातात द्या, जाहीर करताना गावाचा किंवा मंडळाचा पल्ला द्या, आणि मातीच्या आकड्यासोबत फळाचा आकडा छापा. मात्र नाल्याकाठच्या भाजीचे आकडे लपवू नका. ती भाजी आपल्याच मुलांच्या ताटात येते.

माणसं आणि संस्था हाताशी आहेत. कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र, कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र, सांगलीचं वालचंद महाविद्यालय, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. यांना एका टेबलाशी बसवायला जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरतं. आमच्यासारख्या खासगी प्रयोगशाळाही नमुने घ्यायला आणि नोंदी ठेवायला आनंदाने येतील. जुन्या बागा, कालवणीचे कोपरे, नाल्याकाठची रानं आणि शेजारचं गायरान अशा नमुन्यांची पहिली फेरी बाग उतरल्यावर, एप्रिलची खरड छाटणी सुरू व्हायच्या आत झाली, तर छाटणीच्या काड्यांचं काय करायचं ते त्याच हंगामात सांगता येईल. कोळशाच्या कोणत्याही प्रस्तावावर तोवर सही करू नये, ही विनंती.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक माती-पाणी तपासनीस

ता. क. – नमुने घ्यायला कर्मचारी पाठवाल तेव्हा त्यांना जस्ती बादली आणि खताची रिकामी पिशवी देऊ नका. प्लास्टिकचं टब, लाकडी किंवा प्लास्टिकची उलथणी आणि कोऱ्या पिशव्या द्या. नाहीतर बादलीचं जस्त शेतकऱ्याच्या नावावर लागेल.